काय गं, काही विशेष?

दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे. पण कुठलं विचारणं भोचकपणाचं आणि कुठलं मायेचं, हे ओळखायचं कसं?

लग्नानंतरचं माझं पहिलंच संक्रांतीचं हळदीकुंकू. तालुक्याच्या गावातला जुना वाडा, सात बिऱ्हाडं, मधे सामाईक अंगण. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पोटाकडे एक नजर टाकली आणि हळूच विचारलं, "काय गं, काही विशेष?" हळूच म्हणजे, सतरंजीवर बसलेल्या पंधरा-वीस जणींना ऐकू जाईल इतपतच हळू!

मी हसून "नाही हो काकू" म्हटलं. दुसऱ्या संक्रांतीला प्रश्न थोडा पुढे सरकला, "डॉक्टरला दाखवलंत का?" तिसऱ्या वर्षी, "दोष कुणात निघाला?" चौथ्या वर्षी डोकं दुखतंय म्हणून मी गेलेच नाही. दिवा न लावता घरात बसून राहिले. वाण घेऊन परतणाऱ्या बायकांची हसणी-बोलणी खिडकीतून ऐकू येत होती आणि त्यातलं प्रत्येक हसू माझ्यावरच आहे असं वाटत होतं.

वाड्यात या काकूंचं पाठीमागचं नाव होतं 'आकाशवाणी'. सकाळी नळावर कानावर पडलेली गोष्ट दुपारच्या आत मागच्या गल्लीत पोचलेली असायची, आणि तीही तिखटमीठ लावून. मी मनातल्या मनात त्यांना एकेक विशेषण बहाल करायचे. चोंबडी. भोचक. आगाऊ. कळलावी. शब्द कधी कमी पडले नाहीत. या बाबतीत मराठीनं हात आखडता घेतलेलाच नाही!

नाक, कान, डोळे आणि पोट

गंमत बघा हं. या शब्दांची यादी करायला बसलं, तर अख्खं शरीरच कामाला लागलेलं दिसतं. पहिलं नाक. ते दुसऱ्याच्या कामात 'खुपसायचं' असतं. मग कान. आधी ते टवकारायचे, भिंतीला लावून कानोसा घ्यायचा आणि मिळालेला माल दुसऱ्या कुणाच्या तरी कानात भरायचा. डोळ्यांचं काम 'वाकून बघण्याचं'. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण तर आपण सगळ्याच जणी उठता-बसता वापरतो, आणि वापरताना ती दुसरीलाच लागू आहे असं धरून चालतो. तोंड मधे घालायला. आणि शेवटी पोट! आधी समोरचीच्या पोटात शिरायचं, तिच्या पोटातलं काढून घ्यायचं, आणि मग ते आपल्या पोटात मात्र राहू द्यायचं नाही.

सगळे शब्द सारख्या वजनाचे नाहीत. 'चौकस' ही तर शाबासकी आहे. शाळेत बाई म्हणायच्या, मुलगी चौकस आहे. त्याच घरातली 'चौकशी' मात्र ऐकली की कपाळाला आठी पडते. 'लुडबुड' आणि 'नसती उठाठेव' हे त्यामानानं लाडाचे शब्द, लहान पोरांनाही चालतात. घरचं खाऊन 'लष्कराच्या भाकऱ्या' भाजणारी बाईही वाईट नसते, तिला फक्त स्वतःचं घर पुरत नाही. चोंबडी जरा पुढची. तिला कुणी बोलावलेलं नसतं, तरी ती मधे असतेच. आणि भोचक म्हणजे बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवून, वर "सहज विचारलं गं" म्हणणारी.

इथपर्यंत मामला नुसता विचारण्याचा आहे. खरा घात पुढच्या शब्दांत आहे. चहाड्या, लावालावी, कुचाळक्या, उखाळ्यापाखाळ्या, आणि शेवटी 'चव्हाट्यावर आणणं'. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. घरातली गोष्ट तिथं पोचली की चारी दिशांना जाते आणि परत कधी उंबऱ्याच्या आत येत नाही.

'पंचाईत' हा शब्दही मोठा मजेचा. मूळ पंचायत, म्हणजे पाच जणांनी बसून न्याय करायचा. त्याची झाली पंचाईत, म्हणजे अडचण. आणि 'तुला कशाला नसती पंचाईत' म्हणजे कुणी नेमलेलं नसताना न्याय करायला बसणं. आपल्या भाषेनं हे बरोबर हेरलंय. भोचक माणूस नुसता विचारत नाही, तो निकालही देऊन मोकळा होतो.

जाता जाता एक. 'चांभारचौकशा' हा शब्द माझ्याही तोंडात अनेक वर्षं होता. एक दिवस माझ्याच एका मैत्रिणीनं शांतपणे विचारलं, "आमच्या समाजाचं नाव यात कशाला गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका कष्टकरी समाजाच्या नावाची शिवी करून ठेवलेला हा शब्द. एवढे शब्द हाताशी असताना हा एक टाकून दिला, तर भाषेचं काहीच बिघडत नाही.

शब्द बाईचे, काम दोघांचं

आता जरा खरं बोलूया. यातले बहुतेक शब्द आपण बायकांनाच का चिकटवतो? पारावर, कट्ट्यावर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर काय ज्ञानेश्वरीचं निरूपण चाललेलं असतं? अमक्याची मुलगी कुणाच्या गाडीवर दिसली, तमक्यानं कर्ज किती काढलं, याची खडान् खडा माहिती तिथं मिळते. पण बापेमाणसं बसली की त्या 'गप्पा' आणि बायका बसल्या की त्या 'कुचाळक्या'! पुरुष 'सगळी खबर ठेवून असतो' आणि बाई 'भोचक भवानी' असते. आणि कळ लावण्याबद्दल जो सर्वांत प्रसिद्ध, तो नारद काही बाई नव्हता.

"बायकांच्या पोटात काही राहत नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याच्यामागे महाभारतातली एक कथा सांगतात. युद्ध संपल्यावर कुंतीनं पांडवांना सांगितलं, कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिर शोकानं आणि संतापानं इतका पेटला, की त्यानं समस्त स्त्रीजातीलाच शाप दिला. यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही. शांतिपर्वाच्या सुरुवातीला ही कथा येते. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईनं मुलांपासून एवढं मोठं गुपित आयुष्यभर जपलं, तिच्यामुळेच बायकांना हा शाप! गुपित ठेवलं म्हणून बोल, आणि सांगितलं तरी बोल.

'आमच्यात लपवण्यासारखं काही नाही'

आपल्याकडे खासगीपणा मागितला की लोकांना संशय येतो. सुनेनं खोलीचं दार लावलं, मुलीनं वही उचलून ठेवली, बाईनं पासबुक स्वतःकडे ठेवलं की लगेच, "असं काय लपवायचंय?" आणि यावर आपल्याकडे ठेवणीतलं उत्तर, "आमच्यात बाई लपवण्यासारखं काही नाही."

पण 'खासगी' या शब्दाला आपल्या इतिहासात केवढा मान होता, ते ऐका. होळकरांच्या राज्यात दोन वेगळे हिशेब असत. राज्याचा पैसा ती 'दौलत' आणि राणीचं स्वतःचं उत्पन्न ती 'खासगी'. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७३४ साली, पेशव्यांकडून ही खासगी गौतमाबाईंच्या नावे झाली. पुढे ती त्यांच्या सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली. आणि अहिल्याबाईंनी देशभर जी देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्याचा खर्च याच खासगीतून होत असे. म्हणजे खासगी म्हणजे लपवाछपवी नव्हे. खासगी म्हणजे बाईच्या हक्काचं, जिथं दुसऱ्यानं हात घालायचा नाही असं.

आता तर कायदाही हेच म्हणतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. त्याआधी २०१३ साली कायद्यात बदल झाला आणि बाईला तिच्या खासगी अवस्थेत चोरून पाहणं किंवा तिचे तसे फोटो काढणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तिच्या पाठीमागे लागणं, मोबाइल-इंटरनेटवर ती काय करते यावर पाळत ठेवणं, हाही गुन्हाच. आज ही कलमं भारतीय न्याय संहितेत ७७ आणि ७८ या क्रमांकांची आहेत. म्हणजे 'वाकून बघणं' हे दर वेळी नुसतं म्हणीतलं राहत नाही, बरं का!

काकूंची एक गोष्ट

आमच्या काकूंमुळे एकदा फार वाईट झालं होतं. मागच्या गल्लीतल्या एका मुलीला लहानपणी फिट्स यायच्या. औषधानं त्या थांबल्या, मुलगी शिकली, शिवणाचा क्लास चालवायला लागली. चांगलं स्थळ आलं. मुलाकडच्या कुणीतरी गावात चौकशी केली आणि ती चौकशी काकूंच्या ओट्यावर येऊन टेकली. काकूंनी चहा दिला आणि 'सहज' सांगितलं, "मुलगी गुणाची हो, लहानपणी तेवढ्या फिट्स यायच्या." स्थळ गेलं. नंतर वर्षभर दुसरंही आलं नाही. मुलीच्या आईनं काकूंशी बोलणं टाकलं ते कायमचंच.

हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिट्सचा आजार म्हणजे लग्नाला अडथळा मानला जायचा. १९९९ साली कायदा बदलून तो शब्द काढून टाकला. पण गल्लीच्या कायद्यातून तो अजून गेलेला नाही. ते सांगायचं होतंच, तर त्या मुलीनं किंवा तिच्या आईनं, त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या शब्दांत सांगायला हवं होतं. तो घास काकूंनी त्यांच्या तोंडातून काढून घेतला.

काकूंची दुसरी गोष्ट

ही २००७ सालची. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत नवं जोडपं राहायला आलं. नवरा एकदम सज्जन. नोकरी चांगली, येता-जाता सगळ्यांना नमस्कार. बायको अगदी पोरगेली, बोलणं कमी. महिन्याभरातच रात्री भांडी पडल्याचे आवाज यायला लागले. मग दबका रडण्याचा आवाज. सकाळी ती नळावर आली की डोक्यावरून पदर आणि हातावर काळंनिळं. "मोरीत घसरले," म्हणायची.

आम्ही सगळ्या शिकलेल्या, सुसंस्कृत बायका. आम्हाला भोचक म्हणवून घ्यायचं नव्हतं. आवाज आला की आम्ही टीव्ही मोठा करत असू. "त्यांचा घरगुती मामला आहे, आपण कशाला नाक खुपसायचं?" असं आमच्या घरी ठरलेलं होतं. मला आज हे लिहायला लाज वाटते, पण असंच होतं.

एके रात्री साडेदहाच्या सुमाराला तसाच आवाज सुरू झाला आणि पाठोपाठ दारावर थापा. काकूंचा खणखणीत आवाज आला, "अगं ए, विरजण आहे का गं चमचाभर?"

रात्री साडेदहाला विरजण!

दार उघडलं. काकू सरळ आत गेल्या आणि पलंगावर बसल्या. "पाय फार दुखताहेत बाई, जरा टेकते." तासभर हलल्या नाहीत. दुसऱ्या रात्री वाटीभर साखर, तिसऱ्या रात्री डोकेदुखीची गोळी. नवऱ्याला बोलता येईना. म्हातारीला काय म्हणणार? दुपारी तो कामावर गेला की काकू तिच्याजवळ जाऊन बसायच्या. पंधरा दिवसांनी त्याच तिच्याबरोबर एसटीनं जिल्ह्याला गेल्या. कुठं, कशाला, ते कुणालाच कळलं नाही. महिन्याभरात तिचे आई-वडील आले आणि ती माहेरी गेली.

आमची उत्सुकता उतू चाललेली. नळावर आम्ही काकूंना घेरलंच. "काय झालं हो तिकडे?" काकूंनी कळशी कमरेवर घेतली. "काही नाही. विरजण आणायला गेले होते." बस्स. आकाशवाणी बंद!

पुढच्याच वर्षी, २००८ साली, टीव्हीवर 'बेल बजाओ' नावाची मोहीम सुरू झाली. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, तर दाराची बेल वाजवा आणि काहीतरी किरकोळ मागा, एवढंच तिचं सांगणं. ती जाहिरात बघताना माझ्या डोळ्यांसमोर काकूच होत्या.

विचारपूस कशाला म्हणायची?

बरेच दिवस मला हे कोडं सुटेना. बाई तीच. कान तेच, नाक तेच. मग एकदा एका मुलीचं वाटोळं आणि एकदा दुसरीची सुटका, हे कसं?

मी काकूंनाच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्या फिट्सवालीचं खोटं नव्हते गं बोलले मी. पण ते सांगणारी मी कोण?" आणि पुन्हा सुपात मान घातली.

तेव्हा मला मराठीतलाच एक जुना शब्द नव्यानं दिसला. विचारपूस. चौकशीत आणि विचारपुशीत प्रश्न कदाचित एकच असेल. "कशी आहेस?" "बरं नाही का?" फरक आहे तो उत्तर कुठं जातं यात. चौकशीचं उत्तर चव्हाट्यावर जातं. विचारपुशीचं उत्तर विचारणारीच्या पोटात राहतं, आणि गरज पडली तर तिच्या पायांत येतं, म्हणजे ती उठून दारापर्यंत जाते. पहिल्या वेळी काकूंनी मुलीची गोष्ट तिच्या पाठीमागे परक्याला दिली. दुसऱ्या वेळी त्या थेट तिच्याच दारात गेल्या आणि बाहेर कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत.

म्हणून भोचक ठरू या भीतीनं गप्प बसणं हा काही सद्गुण नाही, मैत्रिणींनो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असं दिसलं, की मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या शंभर बायकांपैकी जेमतेम १४ जणींनी मदत मागितली होती. सुमारे ७७ जणींनी ना मदत मागितली, ना कुणाजवळ तोंड उघडलं. त्यांना कुणी भोचक प्रश्न विचारले नसतील असं थोडंच आहे? विचारपूस मात्र फार थोड्यांनी केली असणार.

आणि हे पुष्कळ जणींना माहीत नसतं, की घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यानुसार (तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला) शेजारीणसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही, असं कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे तिथं नाक खुपसायला कायद्याचीच मुभा आहे!

एवढं तरी करूया

• विचारायचं तर एकटीला गाठून विचारूया, चारचौघींत नको. आणि एकदाच. तिनं विषय बदलला, तर तो बदललेलाच बरा.

• मूल, लग्न, पगार, जात, आजार हे प्रश्न आपण होऊन काढायचे नाहीत. "काही लागलं तर मी आहे हं" एवढं म्हणून ठेवावं. जिला सांगायचंय ती सांगतेच.

• कळलेली गोष्ट पुढे सांगण्याआधी स्वतःला काकूंचा प्रश्न विचारावा, ते सांगणारी मी कोण? घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतानाही हाच प्रश्न.

• भोचक प्रश्नाला चिडून उत्तर द्यायलाच हवं असं नाही. "काही विशेष?" "हो ना, आज भरली वांगी झकास झालीयेत!" "पगार किती?" "पुरतो हो." बहुतेक गाडी तिथंच थांबते.

• शेजारी मारहाण होत असेल तर बेल वाजवा, विरजण मागा, पण एकटीनं धोका पत्करू नका. जिवाचा प्रसंग असेल तर ११२ ला फोन करा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तातडी नसेल, तर पुढचं पाऊल टाकण्याआधी तिला काय हवंय ते तिलाच विचारा.

काकू आता थकल्यात. वाडाही राहिला नाही, तिथं अपार्टमेंट झालंय. दर संक्रांतीला मी त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन जाते. मागच्या वेळी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुला मी फार छळलं गं तेव्हा." मी म्हटलं, "जाऊ द्या हो काकू." पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता तुम्हाला नक्की विचारावंसं वाटत असेल, "पण मग पुढं तुमच्याकडे काही 'विशेष' झालं की नाही?"

बघा, आलाच की नाही प्रश्न ओठांवर! ते मात्र खासगी हं.